श्रुतिका काढायची आहे, पैसे किती मागायचे?

या महिन्याची बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत. स्वतःची श्रुतिका, म्हणजे आजच्या भाषेत ऑडिओ ड्रामा, काढायची आहे, निर्माता कोणी नाही, लोकांकडून पैसे गोळा करायचेत आणि आकडा ठरत नाही. संहितेबद्दल एकाही पत्रात शंका नाही, हे वाचून थोडी काळजी वाटली, पण तो विषय पुढे कधीतरी. आज फक्त पैसे.

प्रश्न : ताई, आम्ही सात जण कॉलेजात एकांकिका करायचो. आता सहा भागांची रहस्यमय श्रुतिका करतोय, प्रत्येक भाग 25 मिनिटांचा. आमचं अंदाजपत्रक असं : कोल्हापुरातला स्टुडिओ 15 तास, तासाला 700 प्रमाणे 10,500. ध्वनिसंकलन आणि मिक्सिंग 12,000. चित्र आणि शीर्षकसंगीत 4,000. प्रवास 3,500. इतर 10,000. एकूण 40,000. कलाकार, लेखक, दिग्दर्शक सगळे मित्रच, त्यामुळे मानधन नाही. 500 रुपये देणाऱ्याला टी-शर्ट देणार आहोत. एक मित्र म्हणतो, 30,000 च मागा, आकडा लहान असला की लवकर भरतो. ‘मंथन’ चित्रपटासाठी शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये दिले होते, मग आम्हाला का नाही मिळणार? — एक वाचक, इचलकरंजी

तुमच्या मित्राला माझा नमस्कार सांगा आणि हिशेबापासून लांब ठेवा.

कोणाचंही अंदाजपत्रक हातात आलं की मी आधी चहा शोधते. ज्याने चहा लिहिलाय तो स्टुडिओत बसलेला असतो. तुमच्या यादीत चहाही नाही आणि जेवणही नाही. श्रुतिकेत जेवण हा तांत्रिक खर्च आहे, मी थट्टा करत नाही. चांगल्या माइकसमोर उपाशी नट उभा केला की हळव्या प्रसंगात त्याच्या पोटातली गुरगुर स्वच्छ ध्वनिमुद्रित होते. आकाशवाणीवर नैमित्तिक कलाकार म्हणून जायचे तेव्हा आमचे एक निर्माते रेकॉर्डिंगआधी विचारायचे, ‘जेवलात का?’ मला ती आपुलकी वाटायची. आपुलकी असेलही, पण रिटेक वाचवणं त्याहून जास्त होतं.

आता वेळ. सहा भाग, 25 मिनिटं, म्हणजे तयार झालेली 150 मिनिटं. तुम्ही 15 तास धरलेत, म्हणजे तासाला दहा मिनिटं. बातम्या वाचायच्या असतील तर जमेल. चार-पाच माणसं एकमेकांच्या वाक्यावर वाक्य टाकतायत, कोणाच्या हातातलं पान सळसळलं, कोणी माइकपासून मान वळवली, असं चालू असताना रंगभूमीवरून आलेल्या गटाकडून मी तासाला पाचच मिनिटं धरते. नाटकवाल्यांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असते आणि ती उतरवण्यात पहिलं सत्र जातंच. म्हणून 30 तास. वर दुरुस्तीसाठी चार तास, कारण मिक्सिंगला बसल्यावर एक तरी वाक्य सापडतं ज्यात नाव चुकलंय. 34 तासांचे 700 प्रमाणे 23,800.

ध्वनिसंकलनाचा आकडा बघून तर मी पेन खाली ठेवलं. रहस्यकथेत पावलं, दार, पाऊस, दुसऱ्या खोलीतला रेडिओ हे सगळं बसवायचं तर तयार मिनिटामागे एक तास धरा. 150 तासांना 12,000, म्हणजे तासाला 80 रुपये. तो मुलगा तिसऱ्या भागानंतर फोन उचलणं बंद करेल आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. शिकाऊ असला तरी तासाला 250 द्या. 37,500 झाले.

मग मानधन. ‘सगळे मित्रच’ हे वाक्य मला निम्म्या पत्रांत सापडतं. मैत्री पहिल्या दोन भागांपुरती पुरते. चौथ्या भागाच्या वेळी एकाची नोकरी लागते, एकीचं लग्न ठरतं आणि फुकट येणाऱ्या माणसाला ‘आलंच पाहिजे’ म्हणता येत नाही. नाटकात नाइट, म्हणजे प्रयोगामागे मानधन, मिळते, अगदी कमी का असेना. आकाशवाणीतसुद्धा श्रेणीप्रमाणे करार होतो आणि पैसे बँकेत येतात. तुम्ही सत्रामागे 800 धरा. चार-सव्वाचार तासांची आठ सत्रं, दरवेळी सगळे सात जण लागणार नाहीत, मिळून 28 हजेऱ्या होतील. 22,400. लेखकाला भागामागे 3,000 म्हणजे 18,000. दिग्दर्शकाला 15,000. ही रक्कम फार आहे असं वाटत असेल तर त्याला सहा महिन्यांनी विचारा.

चित्र आणि शीर्षकसंगीताचे 4,000 तसेच ठेवते, ते तुम्ही कोणाशी तरी बोलून ठरवलेलं दिसतंय. इचलकरंजी-कोल्हापूर जाणं-येणं, चहा, जेवण मिळून सत्राला 1,200, म्हणजे 9,600. हार्ड डिस्क, संहितेच्या प्रती आणि सीएची फी यांचे 8,000. बेरीज 1,38,300.

‘इतर 10,000’ मी खोडलं. चाळीसातले दहा ‘इतर’ म्हणजे चौथा हिस्सा कशाचा ते तुम्हालाच ठाऊक नाही असा अर्थ होतो, आणि देणारा तेच वाचतो. त्याऐवजी ‘आकस्मिक खर्च, दहा टक्के’ असं सरळ लिहा. 13,830. आता झाले 1,52,130.

अजून संपलं नाही. वर्गणी गोळा करणारं संकेतस्थळ आपलं कमिशन घेतं, पैसे वळते करणारा गेटवे आपला आकार घेतो आणि दोन्हींवर 18 टक्के जीएसटी. दर जागोजागी वेगळे, ते करार उघडून बघायचे. उदाहरणापुरतं पाच टक्के आणि दोन टक्के धरू. जीएसटी धरून 5.9 आणि 2.36, मिळून 8.26 टक्के. इथे वाणिज्य शाखेची मुलंही घसरतात. 1,52,130 वर 8.26 टक्के चढवले की 1,64,696 होतात, आणि वाटतं झालं. पण कापणी होते ती जमलेल्या पूर्ण रकमेवर. 1,64,696 मधून 8.26 टक्के गेले की हातात 1,51,092 येतात, म्हणजे हजारावर रुपये कमी. शंभरातले 8.26 गेले की 91.74 उरतात, म्हणून 1,52,130 ला 0.9174 ने भागायचं. उत्तर 1,65,827. मागायचा आकडा 1,66,000.

डोळे पांढरे झाले असतील. पाणी प्या.

तुमचा मित्र म्हणतो तसे 30,000 मागितलेत आणि ते भरले, तर काय होईल याचा विचार करा. फसलेल्या मोहिमेपेक्षा ती वाईट अवस्था. ठरलेली रक्कम भरली तरच पैसे मिळतात अशा पद्धतीत न भरल्यास देणाऱ्यांचे पैसे परत जातात आणि तुम्ही मोकळे होता. भरली की मात्र तीस हजारांत सहा भाग द्यायला तुम्ही बांधले गेलात, शे-दीडशे लोकांना, त्यातले निम्मे नातेवाईक. आपल्याकडे कमी मागणं म्हणजे सभ्यपणा असं एक वळण आहे. घरी पाहुण्याने ‘अर्धाच कप’ म्हणावं तसं. देणाऱ्याच्या दृष्टीने मात्र कमी लिहिलेला आकडा हा चुकीचा आकडा असतो, जास्त लिहिलेल्याइतकाच.

मग करायचं काय? काम कमी करा, माणसांचे दर नको. तीन भाग, 20 मिनिटांचे, चार पात्रं. हाच हिशेब याच दरांनी मांडून पाहिला, तर कमिशन धरून 81-82 हजारांत बसतो. पहिले तीन भाग स्वतःपुरते पुरे वाटतील अशी गोष्ट लिहा. ‘उरलेले पैसे जमल्यावर’ अशी टांगलेली रहस्यकथा ऐकणाऱ्याच्या जिवावर येते. स्टुडिओ वाचवून घरी गोधड्या टांगून ध्वनिमुद्रण करता येतं, पुष्कळ जण करतात, पण तुमच्या गावात यंत्रमाग चालू असताना तो नाद सोडा. भिंतीतून येणारी खटखट कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट निघत नाही.

मित्र खरोखरच पैसे घेणार नसतील तर शून्य लिहू नका. खर्चाच्या बाजूला ‘कलाकार मानधन 22,400’ लिहा आणि जमेच्या बाजूला ‘कलाकारांनी सोडलेलं मानधन 22,400’. मागायची रक्कम तेवढी खाली येईल आणि श्रुतिकेला खरंच किती लागतं तेही दिसेल. नाहीतर तुमच्यानंतर साताऱ्याचा एखादा गट तुमचं अंदाजपत्रक नमुना म्हणून घेईल आणि तिथल्या नटांनाही फुकट उभं करेल.

टी-शर्ट रद्द. छपाईसकट 280 आणि पाठवणावळ 70 धरली तर 500 तले 350 गेले. उरलेल्या 150 मधून कमिशनही जायचंय. शंभर टी-शर्ट म्हणजे तुम्ही 35,000 रुपयांचा कपड्यांचा धंदा केला, तोही फुकट. श्रेयनामावलीत नाव द्या, संहितेची पीडीएफ द्या, एखाद्या रविवारी सगळ्या देणाऱ्यांना बोलावून पहिला भाग एकत्र ऐकवा. पोस्टाने काही पाठवणारच असाल तर जुने दर धरू नका. रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय.

‘मंथन’बद्दल. गोष्ट खरी आहे. 1976 चा श्याम बेनेगल यांचा चित्रपट, गुजरातच्या दूध संघांतल्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, दहा लाख जमले. पण ते पैसे गोळा करायला सहकारी संघ होता. गावोगावी संस्था, रोजचं दूध, रोजचा हिशेब. तुमच्यामागे कोण आहे? दोन रुपये मागायला प्रत्येक माणसाला चार मेसेज आणि दोन फोन करावे लागणार असतील तर ती वसुली महाग पडते. तुमची सातही जणांची यादी काढा, खरोखर देईल अशा माणसाच्या नावापुढे रक्कम लिहा. ती बेरीज मागायच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत जात नसेल तर मोहीम सुरूच करू नका, आधी एक भाग स्वतःच्या खिशातून काढून लोकांना ऐकवा.

प्रश्न : माझी आत्या न्यू जर्सीत असते. तिथल्या मराठी मंडळातले लोक डॉलरमध्ये मदत करायला तयार आहेत. तिच्या नावाने किकस्टार्टरवर मोहीम टाकली तर चालेल ना? — ठाणे

किकस्टार्टर या वर्गणीच्या परदेशी संकेतस्थळावर मोहीम कोणत्या देशांतल्या लोकांना काढता येते याची यादी आहे, तीत भारत नाही. म्हणून सगळ्यांना आत्या आठवते. पण तिच्या नावाने काढली की ती मोहीम तिची. तिथला कर तिला, श्रुतिका वेळेवर आली नाही तर शिव्याही तिला. पाच टक्के संकेतस्थळाचे, त्याखेरीज पैसे वळते करण्याचा आकार, मग ते भारतात पाठवायचा खर्च आणि विनिमयाचा दर. हे चारही आकडे अंदाजपत्रकात वेगवेगळे दाखवायला हवेत.

पैसे थेट तुमच्याकडे येणार असतील तर आधी एकच प्रश्न विचारा : पासपोर्ट कुठला? परदेशात राहणारी व्यक्ती भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर परदेशी देणगीच्या कायद्यात, एफसीआरएमध्ये, ती परदेशी देणगी धरत नाहीत. तीच व्यक्ती अमेरिकन नागरिक झाली असेल, हातात भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, कायद्याला ती परदेशी. गणपतीत ती तुमच्याच आरतीत टाळ्या वाजवते, त्याने फरक पडत नाही. नेहमीच्या व्यवसायात वस्तूची किंवा सेवेची किंमत म्हणून आलेले पैसे वेगळे धरतात, पण तुमची वर्गणी त्यात बसते का हे व्हॉट्सॅपवरच्या काकांना विचारू नका. सीएला विचारा, फी द्या आणि ती फी अंदाजपत्रकात लिहा.

प्रश्न : मोठी रक्कम देणाऱ्यांना नफ्यात पाच टक्के हिस्सा देऊ असं जाहीर केलं तर? आणि 80जीची, म्हणजे देणाऱ्याला आयकरात सवलत देणारी, पावती मागतात, ती कशी द्यायची? — नागपूर

दोन्ही नाही.

नफ्याचं आमिष दाखवून अनोळखी लोकांकडून पैसे घेतलेत की ती वर्गणी राहत नाही, गुंतवणूक होते आणि तिचे कायदे फार कडक आहेत. शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीने 2014 मध्ये अशा क्राउडफंडिंगवर चर्चेसाठी कागद काढला होता, त्यातून आपल्यासारख्यांना मोकळीक देणारी वाट निघालेली नाही. शिवाय कुठला नफा? श्रुतिका फुकट ऐकायला ठेवणार आहात ना?

80जीची सवलत मान्यता मिळालेल्या संस्थांच्या पावतीवर मिळते. चार मित्रांचा गट तशी संस्था नसतो. जमलेले पैसे तुमच्या हिशेबात उत्पन्न म्हणून येऊ शकतात हेही लक्षात घ्या, म्हणून ते स्वतःच्या पगाराच्या खात्यात घेऊ नका. वेगळं खातं उघडा. एखाद्या ओळखीच्या न्यासाच्या नावावर पावती फाडून घ्यायची कल्पना तुमच्या पत्राच्या शेवटी आहे, ती मी वाचलीच नाही असं समजते.

प्रश्न : एका जुन्या विनोदी कथेवर श्रुतिका करायची आहे. लेखक वारून बरीच वर्षं झाली. हक्कांसाठी खर्च धरावा लागेल का? आवाज बीबीसीच्या संग्रहातून फुकट घेणार आहोत. — बेळगाव

‘बरीच वर्षं’ कायद्याला समजत नाहीत. लेखकाच्या मृत्यूचं वर्ष संपल्यापासून पुढे 60 वर्षं हक्क वारसांकडे राहतात. चिं. वि. जोशी 1963 मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेलं साहित्य 2024 च्या सुरुवातीपासून सर्वांना खुलं झालं. तुमचे लेखक त्यानंतर गेले असतील तर स्वतः मोजा. साठ वर्षं भरली नसतील तर वारसांची लेखी परवानगी मोहिमेच्या आधी घ्या. नंतर गेलात तर तुम्ही किती जमवलेत हे त्यांना वर्तमानपत्रातून कळलेलं असतं आणि आकडा त्याप्रमाणे सांगितला जातो. वारस चार असतील तर चौघांच्या सह्या. एका काकांनी ‘करा हो बिनधास्त’ म्हणणं पुरत नाही.

बीबीसीचा ध्वनिसंग्रह ऐकायला सगळ्यांना खुला आहे, पण फुकट वापराची परवानगी वैयक्तिक, शैक्षणिक आणि संशोधनाच्या कामापुरती आहे. पैसे घेऊन केलेल्या निर्मितीत तो वापरायचा तर परवाना विकत घ्यावा लागतो. फ्रीसाउंड या आवाजांच्या संकेतस्थळावर प्रत्येक आवाजाखाली परवाना लिहिलेला असतो. सीसी झिरो, म्हणजे सगळे हक्क सोडलेले, असेल तर निर्धास्त, ‘नॉनकमर्शियल’ असेल तर सोडा. आणि खरं सांगू का, बेळगावच्या बाजारातला पाऊस हवा असेल तर जूनमध्ये फोन घेऊन बाजारात उभे राहा. लंडनच्या छपरावर पडणारा पाऊस ऐकणाऱ्याला वेगळा कळतो, का ते त्याला सांगता येणार नाही.

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी वर्गणी जमवून पाच भाग काढले. त्यातून 18,000 चा माइक घेतला. आता एक देणगीदार विचारतायत, तो माइक कोणाचा? जमाखर्च मागतायत. आम्हाला अपमान वाटला. — रत्नागिरी

अपमान कसला? वाडीतल्या गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च तुम्ही अहवालात वाचता ना, मंडपवाल्याला किती, फुलांना किती? त्या गृहस्थांनी तेवढंच मागितलंय.

माइक अंदाजपत्रकात लिहिला होता का, हा पहिला मुद्दा. लिहिला असेल तर घेतल्याचं पाप नाही. तो कोणाकडे राहणार हे लिहिलं नव्हतं, तिथे गाडं अडलंय. पाच भागांसाठी माइक भाड्यानेही मिळाला असता. विकत घेतलात म्हणजे पुढच्या कामाची सोय या कामाच्या पैशांतून झाली. आता दोन वाटा आहेत. माइक गटाच्या नावावर राहील आणि पुढच्या श्रुतिकेच्या अंदाजपत्रकात ‘माइक भाडं : शून्य, आपलाच’ असं दिसेल, हे सगळ्या देणाऱ्यांना कळवा. किंवा ज्याच्या कपाटात तो आहे त्याने वापरलेल्या वस्तूची आजची किंमत खात्यात भरावी.

आणि जमाखर्च आठवड्याभरात पाठवा, फक्त त्यांना नाही, सगळ्यांना. डावीकडे मागताना सांगितलेला आकडा, उजवीकडे झालेला खर्च, जिथे फरक तिथे एक ओळ. स्टुडिओ वाढला असेल तर किती तास वाढला ते लिहा. ‘काही अपरिहार्य कारणांमुळे’ लिहू नका. एखादी पावती हरवली असेल तर हरवली म्हणा. पाच भागांत जेवणाचे 600 रुपये तुम्ही पत्रात दाखवलेत, ते मात्र मला पटत नाही. कोणीतरी स्वतःच्या खिशातून खायला घातलंय. त्याचं नाव विचारा आणि जमेच्या बाजूला टाका.